बटण कोण बंद करतं?

'न्यायमूर्ती' हा शब्द वकिलाच्या तोंडून एकदाचा सुटला आणि नेमका तेव्हाच बेबीचा लॅपटॉप मेला.

मेला म्हणजे साफच मेला. पडदा काळा ठिक्कर, आणि त्यात बेबीचंच तोंड, आ वासलेलं. किती दिवस या एका शब्दापाशी त्या पोराची गाडी अडत होती! तरुण वकील, हुशार, पण 'न्या' म्हटलं की पुढे जिभेला कुलूप. आज ते कुलूप उघडलं, तर शाबासकी द्यायला समोर बाईच नाही. बेबीनं घाईघाईनं फोन लावला, तेव्हा तो पलीकडून एवढंच म्हणाला, "मॅ… मॅडम, कंटाळलात का?"

"अरे बॅटरी गेली रे राजा, तुझी शपथ!" ती म्हणाली. पण असल्या माणसाला आयुष्यभर लोकांनी मध्येच तोडलेलं असतं. त्याला काही ते पटलं नाही. बरं म्हणाला आणि ठेवून दिला फोन.

आता बेबी म्हणजे कुणी पाळण्यातलं बाळ नव्हे. पन्नाशी ओलांडलेली, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि बोलताना अडखळणाऱ्यांना बोलतं करण्यात उभी हयात घालवलेली स्पीच थेरपिस्ट. घरात 'बेबी' हे नाव पडलं ते पडलंच. तास लॅपटॉपवर ऑनलाइन चालायचे आणि तिची शिकवायची एक पद्धत होती. ऐकणारा समोर असला की जीभ जास्त अडते, म्हणून ती उतारा वाचायला द्यायची, रेकॉर्डिंग चालू ठेवायची आणि स्वतः खुशाल खोलीबाहेर निघून जायची. पाणी पिऊन, इकडे तिकडे करून परत यायची, तोवर माणूस एकटाच वाचत असायचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणी घाई करत नाहीय म्हटल्यावर शब्द आपसूक सुटायचे. सगळा खेळ त्या लॅपटॉपच्या जिवावर, आणि तोच असा दगा द्यायला लागला.

पहिला संशय आला धाकट्या भावावर. बंडूवर. मागच्या खेपेला आला तेव्हा "शी! काय जुनाट सिस्टिम वापरतेस बेबीताई," असं म्हणत त्यानं न विचारता लॅपटॉप अपग्रेड करून टाकला होता. तेव्हापासूनच यंत्राचं बिनसलं होतं. पूर्वी एकदा पोटभर चार्ज केलं की अर्धा दिवस कुरकुर नाही. आता झाकण मिटून ठेवलं तरी तळाला हात लावावा तर गरम, अर्धी बॅटरी दाखवता दाखवता धपकन आडवा.

"तुझ्या अपग्रेडनं माझ्या बॅटरीची वाट लावली," तिनं बंडूला फोनवर धारेवर धरलं.

"अपग्रेडनं बॅटरी मरते होय? काहीतरीच! वायर लावली होतीस का?"

"लावली होती."

"भिंतीवरचं बटण चालू होतं?"

बेबीनं मान वळवली. दाराजवळच्या बोर्डावरचं बटण बंद होतं.

"मी सकाळी आल्या आल्या चालू केलं होतं," ती म्हणाली. घरात माणसं दोनच. बंडूनं जरा चाचरत विचारलं, "बाबा?"

"बाबांचं नाव काढू नकोस हं," म्हणत तिनं फोन ठेवला. पण निघायचं ते निघालंच होतं.

बाबा अग्निशमन दलात होते. जळक्या घरांतून माणसं खांद्यावर टाकून बाहेर काढलेली, आणि त्यातली निम्मी घरं कुणीतरी चालू सोडलेल्या बटणापायी पेटलेली. साहजिकच घरात कायदा एकच. खोली सोडली की बटण बंद. त्यासाठी त्यांनी प्रत्येक खोलीचा बोर्ड मुद्दाम दाराशी, हाताच्या उंचीवर बसवून घेतला होता. लहानपणी बेबी आणि बंडू बटण चालू ठेवून बाहेर आली की त्यांना उलट्या पावली परत पाठवायचे, भले शाळेची गाडी दारात उभी असो. आता निवृत्तीनंतर त्यांची खुर्ची बेबीच्या खोलीसमोर, पॅसेजमध्ये. हातात पेपर, लक्ष साऱ्या घरावर.

मग त्यांनी बटण बंद केलं तर त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण या घरात विसरण्याची भीती होती. आईनं शेवटची वर्षं विसरण्यातच काढली. आधी चहात साखर दोनदा, मग गॅस चालू, मग बंडूचं नाव, मग स्वतःचं. अखेरीस तिला एका संस्थेत ठेवावं लागलं. तिथून बाबा रोज संध्याकाळी परत यायचे ते भिंतीला धरून. आई गेली तेव्हाच बंडूनं निक्षून सांगितलं होतं, "बाबांचं तसं काही दिसलं तर मी तुझं ऐकणार नाही, ताई. आधी तपासणी, आणि मग वेळेत संस्था. पुन्हा ते हाल नकोत." बेबी तेव्हा खवळली होती. "बाबांचं डोकं तुझ्यापेक्षा शाबूत आहे," म्हणाली होती. म्हाताऱ्याचं या घरातलं राहणं तिच्या त्या एका वाक्यावर टिकलं होतं.

आणि आता तिच्याच मनात पाल चुकचुकली.

संशयाचं असं असतं, एकदा त्याला आत घेतलं की तो जेवायलाच बसतो. बेबी बाबांवर नजर ठेवू लागली, आणि नजर ठेवली की सापडायला कितीसा वेळ! सकाळी चहाचा कप हातात घेतला की बाबा विचारायचे, "बेबी, आज वार कोणता गं?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कधी, "काल भाजी कोणती होती?" तिला आईची ती वर्षं आठवायची. आठवली की ती चिडायची, कारण चिडणं सोपं असतं. "बाबा, परत? तेच तेच काय हो विचारता?" म्हणायची आणि उठून जायची. स्वयंपाक झाला की बाबा आत येऊन गॅसची बटणं एकेक करून चाचपून बघायचे. पूर्वी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाहीत. तिची किल्ली हुकावर आहे का, बघायचे. ती बाहेर निघाली की, "कुठे चाललीस? आणि परत कशी येशील?" आता परत कशी येईन म्हणजे काय? चालत!

बटण तर बंद सापडतच होतं. रोज नाही, पण तास चालू असताना, नेमकं नको तेव्हा. "कुणी बंद केलं हे?" असं तिनं बाबांना विचारलं की ते पेपरात डोकं घालायचे. वकिलाचा तास दोनदा मेला. एका लाजाळू मास्तरांचा तर असा मेला की त्यांनी पुढचा तास घेतलाच नाही.

एक दिवस ती वकिलाला उतारा देऊन बाहेर आली, स्वयंपाकघरात पाणी प्यायली आणि पदराला हात पुसत वळली, तर बाबा तिच्या खोलीच्या दारात. हात बोर्डावर.

"बाबा!"

म्हातारा असा दचकला की हात भाजल्यासारखा मागे घेतला.

"काय करताय तिथं?"

"काही नाही. हे… बटण."

"म्हणजे तुम्हीच! तुम्हीच बंद करता हे, आणि मी त्या बिचाऱ्या बंडूला शिव्या घालतेय?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, तोंड वाचल्यासारखं बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. काहीतरी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. मग म्हणाले, "हो. मीच. म्हातारपण गं, दुसरं काय."

चोर सापडल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. बेबीला रडू आलं. खोलीत जाऊन बघते तर बटण चालू. आपण वेळेवर पोचलो म्हणायचं, असं तिला वाटलं, आणि तिनं संध्याकाळी बंडूला फोन केला.

दुसऱ्या दिवशी तिनं जाड अक्षरात पाटी लिहिली. 'हे बटण बंद करू नये.' बाबा उंच म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर येईल अशी वर चिकटवली. बाबांनी ती वाचली, चष्मा वर केला, पुन्हा वाचली.

"जरा खाली लाव ना," ते म्हणाले. "तुझ्या उंचीला."

"माझ्या कशाला? मला माहीत आहे!"

"बरं बरं," बाबा म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. आता हे भ्रमिष्टासारखं बोलणं नाही तर काय, असं तिनं मनाशी धरलं. पाटी लागली तरी त्याच आठवड्यात बटण पुन्हा बंद सापडलं. तिनं बाबांना काही विचारलंसुद्धा नाही. नुसतं खाडकन चालू केलं, त्यांना ऐकू जाईल असं.

रविवारी बंडू आला. येताना डॉक्टरांची वेळ घेऊनच आला होता. गोड बोलून, बाबांच्या पाठीवर हात ठेवून त्यानं विषय काढला. शुक्रवारी स्मरणशक्तीची तपासणी. तोवर माझ्याकडे राहायला चला, तुमची सून वाट बघतेय, हवापालट होईल.

"तपासणीला येतो," बाबा शांतपणे म्हणाले. "पण बेबीचीही करा. दोघांची एकदमच होऊन जाऊ दे."

"तिला काय धाड भरलीय?" बंडू हसला.

बेबीही हसली. बाबा हसले नाहीत.

"आणि मी तुझ्याकडे राहायला येणार नाही," ते म्हणाले. "हिला एकटीला टाकून? छट्. मी इथून हलणार नाही. तपासणीत काय निघायचं ते निघू दे, मी याच खुर्चीत बसणार." असा आवाज त्यांनी बऱ्याच वर्षांत काढला नव्हता. आगीच्या दारात उभं राहून पोरांना हुकूम सोडतानाचा आवाज तो. बंडूनं बहिणीकडे बघून भुवई उडवली. हट्टीपणा वाढतो म्हणे, तेही लक्षणच. बेबीनं मान हलवली. तिनं मान हलवली, हे बाबांनी बघितलं.

जाता जाता बंडूनं तिला लॅपटॉपसकट दुरुस्तीच्या दुकानात नेलं, कारण अपग्रेडवर आलेला आळ त्याला धुऊन काढायचा होता. दुकानातल्या बाईंनी दहा ठिकाणी टकटक केलं आणि सांगितलं, "बॅटरी ठणठणीत आहे हो. नव्या सिस्टिममुळे हा झाकण मिटलं तरी झोपत नाहीय. आतल्या आत कामं चालूच. त्यामुळे तासाला बसता तेव्हा बॅटरी आधीच अर्धी झालेली असते. एक सेटिंग बदललंय, आता झोपेल."

"बघ!" बेबी बंडूला म्हणाली. "कुणाचे प्रताप?"

"ते ठीक आहे," बंडू कान खाजवत म्हणाला, "पण बटण तर काही सिस्टिम बंद करत नाही ना?"

ते खरंच होतं. पूर्वी बटण बंद असतं तरी बॅटरीनं तास निभावून नेला असता, कुणाला पत्ता लागला नसता. आता पत्ता लागला होता. अपग्रेडनं फक्त बाबांना उघडं पाडलं, असं दोघांच्याही मनात आलं.

गुरुवारी दुपारी वकिलाचा फोन आला. तो बोलताना जरा अडखळला, पण आनंदानं. कोर्टात उभा राहिला होता आणि 'न्यायमूर्ती' म्हणाला होता, चक्क पहिल्या फटक्यात. "मॅडम, तो तास गेला ना मध्येच, त्याचं रे… रेकॉर्डिंग आहे का? पहिल्यांदा बोललो तो क्षण आईला दाखवायचाय."

असणारच. लॅपटॉप मेला तरी तोवरचं सगळं जतन होतं. बेबीनं ते शोधून लावलं. एका चौकटीत वकील, एका चौकटीत ती स्वतः, मागे खोलीचं दार आणि बोर्ड. ती उतारा समजावून सांगतेय. "वाचा निवांत, मी आहेच," म्हणून उठतेय. दाराशी जातेय. आणि दाराबाहेर पाऊल टाकता टाकता, मान पुढेच, डोळे पुढेच, तिचा उजवा हात बोर्डाकडे जातो आणि बटण बंद करतो. टक्. हात इतका सवयीनं गेला की माशी हाकलावी तसा.

बेबीनं मागे नेऊन पुन्हा बघितलं. पुन्हा तेच. मास्तरांचा तास लावला. त्यातही तिचाच हात. पाटी लावल्यानंतरचा तास लावायला तिचं मन होईना. लावला. पाटी तिच्या डोक्यावरून वर गेलेली, आणि खाली तिचाच हात, टक्. बोर्डाशी बाबांना पकडलं होतं तो तास तेवढा राहिला होता. तिचा हात, टक्, आणि चौकट रिकामी. रिकाम्या चौकटीत थोड्या वेळानं बाबांचा हात आत येतो, बटण चालू करतो, आणि तिच्या "बाबा!" बरोबर दचकून नाहीसा होतो.

आपण कुणाला म्हातारा ठरवत होतो? कुणाला उद्या डॉक्टरांपुढे बसवणार होतो? मान हलवली होती आपण, त्यांच्यादेखत!

ती लॅपटॉप छातीशी धरून पॅसेजमध्ये आली आणि बाबांच्या पायाशी, जमिनीवरच बसली. "हे बघा," म्हणून तिनं ते चालू केलं. बाबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत बघितलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी इथूनच बघतो ना रोज. तू गेलीस की उठून चालू करायचो. कधी डुलकी लागायची, तेव्हा राहून जायचं."

"मग सांगितलं का नाहीत? मीच केलं म्हणालात! मी काय काय बोलले तुम्हाला!"

बाबांनी चष्मा काढला. पुसायला काही सापडेना, म्हणून तो नुसताच हातात धरून बसले.

"तुझ्या आईला मी प्रत्येक वेळी दाखवून द्यायचो," ते म्हणाले. "गॅस तू चालू ठेवलास. साखर तू घातलीस. हे बघ, तूच. मला वाटायचं, चूक दाखवली की सुधारेल. दलातली सवय. ती नुसती घाबरायची गं. शेवटी शेवटी मी खोलीत आलो की हात पाठीमागे लपवायची." त्यांनी चष्म्याची काडी मिटली. "तू बटण बंद करून मला विचारायला लागलीस, कुणी बंद केलं म्हणून. मनापासून विचारत होतीस. मला वाटलं, तुझंही सुरू झालं. म्हटलं, या वेळी नाही दाखवायचं. या वेळी आपल्यावर घ्यायचं."

दुसऱ्यांच्या जिभा सोडवणारी बाई ती, पण आता तीच अडखळली.

"म्हणजे तो गॅस… किल्ली…"

"लक्ष ठेवत होतो."

"बाबा, ही सवय आहे हो!" ती एकदम ओरडलीच, हसू आणि रडू एकत्र. "तुम्हीच लावलेली! खोली सोडली की बटण बंद. लहानपणापासून करतेय मी हे, आत्तापर्यंत बॅटरी टिकायची म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही इतकंच. मला काही झालेलं नाही!"

"नक्की?" बाबांनी विचारलं. त्यांना ते खरं वाटायला हवं होतं, पण या एका बाबतीत ते एकदा फसले होते.

"नक्की. आणि तुम्हालाही काही झालेलं नाही. उद्याचं मी बंडूला सांगते, जायचं तर आपण दोघं जाऊ, नाहीतर कुणीच नाही." मग तिला आठवलं. "पण मग रोज सकाळी तो वार? मला विचारायचात, आज वार कोणता? तुमच्या तर डोळ्यांसमोर पेपर असतो."

"तुला सांगता येतो का ते बघत होतो."

बेबीनं त्यांचा सुरकुतलेला हात दोन्ही हातांत घेतला. त्याच्यावर जुन्या भाजल्याचे डाग होते.

"आज गुरुवार आहे, बाबा," ती म्हणाली. "काल बुधवार होता, काल कोबीची भाजी केली होती. परवा मटार-बटाटा. तुम्हाला मीठ कमी वाटलं होतं."

बाबांनी मान हलवली, हलवतच राहिले, आणि डोळे पुसायला त्यांनी तो हात सोडवून घेतला नाही.

"इतके दिवस तू उत्तरच देत नव्हतीस गं," ते म्हणाले.